कोण कोणाचं ऐकतं

८ ऑगस्ट, मंगळवार

चोवीस ट्रॅक. रविवारी मंडळाच्या मंडपात चोवीस माइक लावले होते, त्यांचे हे चोवीस. सकाळपासून त्यांना नुसती नावं देत बसले आहे. कॉम्प्युटर बाबांच्या जुन्या खोलीत मांडलाय. शेजारच्यांचा कोंबडा पहाटे आरवायला लागतो तो दुपारच्या जेवणापर्यंत थांबत नाही. जकार्तात अकरा वर्षं काचेच्या गारठलेल्या खोलीत जाहिराती आणि पॉप गाणी मिसळली. तिथे कोंबडा नव्हता, पण आईच्या हातचा भातही नव्हता.

काम घरचं आहे, म्हणून जास्त धास्ती. आईला आमच्या जावानी गामेलान वाद्यमंडळात गायला लागून यंदा चाळीस वर्षं झाली. त्या निमित्ताने पाच रचनांचा अल्बम काढायचं मंडळाचे प्रमुख पाक सुगेंग यांनी ठरवलं. त्यांची एकच अट. "कापाकापी करायची नाही हं, वेनिंग. एक रचना, एक बैठक. चुकलं तर सगळे पुन्हा बसू. इथला तुकडा तिथं चिकटवायला आपण काय गोधडी शिवतोय?"

दुपारी गट पाडले, जकार्तात पाडायची तसेच. ठोक्याची वाद्यं एका गटात: ढोल, लहान गाँग, मोठी गाँग. काशाच्या पट्ट्यांची दुसऱ्यात. मऊ आवाजाची तिसऱ्यात: गेंदेर, बासरी, आणि कामसिदीकाकांचं गजाने वाजवायचं रेबाब. चौथ्यात आई एकटी. चार गटांचे आवाज कमी-जास्त करायला चार फेडर आणि त्यांच्यावर एक मुख्य. पसारा डब्यांत भरून फळीवर लावला की जे सुख होतं तेच हे.

१० ऑगस्ट, गुरुवार

एक नको असलेला पाहुणा सापडला. धप. हलकाच, पण आहे. आईच्या ट्रॅकवर आणि रेबाबच्या ट्रॅकवर. पहिल्या रचनेत एकतीस वेळा मोजला.

कारण तो लाकडी पाट असणार. गेल्या रोज्यांच्या महिन्यात कामसिदीकाकांनी फणसाच्या लाकडाचा एक लांबरुंद पाट करवून आणला. त्यावर मंडळातली दोनच माणसं बसतात, काका आणि आई. म्हणाले, म्हाताऱ्या गुडघ्यांना फरशी गार लागते. बाकीच्या वीस जणांचे गुडघे काय काल जन्मले? पण ज्येष्ठ माणसाला कोण विचारणार. काकांची टाच आपटत असेल किंवा रेबाबचा पाय.

खालचा आवाज गाळून बघितला. धप गेला, पण आईच्या गळ्यातला गाभाही त्याच्याबरोबर गेला. कोणीतरी दुसरीच बाई गात असल्यासारखं वाटलं.

१२ ऑगस्ट, शनिवार

कामसिदीकाका ऐकायला आले होते. आईने केळी तळली, तो तिचा गडद गोड चहा केला. मी जरा भाव खाल्ला. एक बटण दाबलं, पट्ट्या गायब. दुसरं दाबलं, ढोल गायब. लहान मुलाला जादू दाखवावी तसं.

काका मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गाँग कोणाला घाबरली, न्दुक, पोरी?"

"घाबरली म्हणजे?"

"पाक सुगेंगनी ढोलावर जोरात थाप मारली की गाँग मागे सरते. अशी ती कधी सरत नाही."

बरोबर होतं! ठोक्याच्या गटावर मी आवाज आवरणारा कॉम्प्रेसर लावला होता. ढोल चढला की तो अख्ख्या गटाला दाबायचा, आणि त्यात बिचारी गाँगही दबायची. सत्तरीच्या माणसाने ते साध्या स्पीकरवर पकडलं आणि मी तीन दिवस त्यात बसून होते.

"तू गट कशावरून पाडलेस?"

"आवाजावरून. ठोक्याचे ठोक्याबरोबर, मऊ मऊबरोबर."

"हं." त्यांनी केळ्याचा तुकडा चावून संपवला. "बाजारात भाजी मांडायला ते ठीक आहे. आपल्याकडे गट असा नसतो. कोण कोणाचं ऐकतं ते बघ. पट्ट्या ढोलाचं ऐकतात, त्या ढोलाबरोबर. गाणारी रेबाबचं ऐकते, ती रेबाबबरोबर. गाँग सगळ्यांचं ऐकते, ती एकटी."

मग मी धपची तक्रार केली. काका कपात बघायला लागले. "लाकूड आहे. वाजायचंच," म्हणाले. आणि जाताना दारातून, "राहू दे ना तो. कोणाला त्रास होतोय?"

मला होतोय.

१६ ऑगस्ट, बुधवार

मिक्स आईला ऐकवला. ती म्हणाली, "रेबाब वाढव." वाढवलं. "अजून." अजून वाढवलं. "अजून थोडं गं." आता रेबाब मांजराची शेपटी पायाखाली आल्यासारखं किंचाळतंय, आणि आईच्या चेहऱ्यावर समाधान!

हे इथे फक्त माझ्यासाठी लिहून ठेवते. मला वाटतं आई कामसिदीकाकांच्या प्रेमात आहे. वय चौसष्ट. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, काकूंना त्याहून जास्त. दोघंच त्या पाटावर बसतात. गाताना आईचे डोळे खाली असायला हवेत. गाणारीने समोर टक लावून बघायचं नसतं हे तिनेच मला शिकवलं. पण रविवारी ती सारखी तिरक्या नजरेने काकांच्या गजाकडे बघत होती. आणि घरात तिचं लक्ष नसतं. काल स्वयंपाक करताना विचारलं, "टेंपे संपलंय, आणू का?" तर म्हणते, "हो, छान झाली होती." टीव्ही चालू असतो तो पार कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू येईल एवढा, आणि बाईसाहेब दुसरीकडेच.

गेंदेर वाजवणाऱ्या बू यांती पाणी भरायला आल्या, त्यांना आडून विचारलं. त्या एवढ्या हसल्या की बादली ठेवावी लागली.

"प्रेम? त्या दोघांचं?"

"मग पाट कशाला हवा होता?"

हसू एकदम आवरलं त्यांनी. "पाट चांगला आहे," म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या. म्हणजे त्यांनाही माहीत आहे.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

काल स्वातंत्र्यदिन. गल्लीत नेहमीचे खेळ, दोरीला टांगलेले कुरुपुकाचे पापड हात न लावता खायचे वगैरे. नंतर माइकवरून आईला गाणं म्हणायला बोलावलं. तीन वेळा नाव पुकारलं, ही आपली समोर बघतेय. शेवटी कामसिदीकाकांनी सगळ्या गल्लीदेखत तिच्या कोपराला हात लावला, तेव्हा उठली.

सगळ्या गल्लीदेखत! मला राग आला की बरं वाटलं, अजून ठरत नाही. बाबांचा फोटो पुसून ठेवला.

२० ऑगस्ट, रविवार

पुन्हा रेकॉर्डिंग करायचं ठरलं. तिसऱ्या रचनेत आईची एक ओळ पूर्ण हुकली आहे. नेमकी तेव्हा काकांची तार तुटली होती आणि ते खुंटी पिळत बसले होते. गंमत म्हणजे तेवढ्या भागात धप एकदाही नाही. म्हणजे टाच काकांचीच, हे पक्कं झालं.

पाक सुगेंगना सांगितलं की या वेळी पाट काढू. ते ढोलाचा चामडी पट्टा ओढत होते. ओढतच राहिले. म्हणाले, "तुला योग्य वाटेल तसं. रेकॉर्डिंगचं तुलाच कळतं." आमच्याकडच्या माणसाने असं म्हटलं की खरं तर पुढे दोनदा विचारायचं असतं. मी जकार्तात हे विसरले आहे, असं आता लिहिताना वाटतंय. पण विचारलं नाही.

२२ ऑगस्ट, मंगळवार, क्लिवोन

जावानी पंचांगात क्लिवोनचा दिवस चांगला म्हणून हाच धरला होता.

पाट मीच उचलून भिंतीला लावला. आईसाठी चार बोटं जाड स्पंजची गादी विकत आणली होती.

"पाट राहू दे ना, न्दुक," आई म्हणाली.

"अगं गादी आहे की. गुडघ्यांना लोण्यासारखी."

"पाटाची सवय झालीय."

"आई, त्याचा आवाज येतो. एवढ्या छान गाण्यात कोणी दार ठोठावल्यासारखं. एकदा बसून तर बघ."

कामसिदीकाका म्हणाले, "वेनिंग, पाट…" आणि थांबले. वीस माणसं आपापल्या वाद्याकडे बघत होती. मला वाटलं, सगळे तयार आहेत.

पहिल्या रचनेत आई एक आवर्तन आधीच शिरली. पाक सुगेंगनी ढोलावरून सगळ्यांना सांभाळून घेतलं. दुसऱ्यात तिची जागा आली आणि गेली, ती गायलीच नाही. ती काकांच्या गजाकडे बघत होती, गजाकडे आणि त्यांच्या टाचेकडे. काका टाच आपटत होते, मला दिसत होती. फरशीवर, चटईवर, नुसतीच. मग आई गायली, आणि तो सूर त्यांचा नव्हता, आपला कोणाचाच नव्हता. मी हेडफोनमध्ये ऐकलं. असा सूर मी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता.

तिने मधेच हात मांडीवर ठेवले. गाँग होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "आज घसा बरा नाही. माफ करा सगळ्यांनी." पिशवी घेतली आणि चालत घरी गेली.

एकेकाने वाद्यांवर कापड घातलं. बू यांतींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मला कळलं की चूक माझी आहे. पण कोणती ते कळलं नाही.

२३ ऑगस्ट, बुधवार

सकाळीच काकांकडे गेले. ते अंगणात गजाला राळ लावत होते.

"तिला ऐकू येत नाही, न्दुक. म्हणजे येतं. ढोल येतो, गाँग येते. बारीक आवाज येत नाहीत. रेबाब तर नाहीच."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

"तिने सांगितलं तुम्हाला?"

"छे. तिने मला सांगितलं नाही, मी तिला विचारलं नाही. एकदा माझी टाच चुकून लाकडी पायरीवर आपटली, आणि ती बरोबर जागेवर शिरली. मग मी पाट करवून आणला. मांडला. ती आली आणि बसली. झालं."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना माहीत आहे. वाद्य वाजवणारी माणसं आहेत ती."

एकवीस माणसांना माहीत. त्यांच्यातल्या निम्म्यांना स्वतःला धड ऐकू येत नाही. आणि जिच्या कानांसाठी जकार्तात लोक दोन-दोन आठवडे थांबायचे, ती मी त्याच घरात राहून तिला प्रेमात पाडत बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एकतीस वेळा तो माणूस तिला सांगत होता, "आता," आणि मी ते मोजून पुसायला बसले होते.

परतताना उसाच्या शेताशी सायकल लावली आणि मनसोक्त रडले.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

आईने निरोप धाडला आहे पाक सुगेंगना. देलांगूची ती नवी मुलगी चांगली गाते, तिला बसवा, अल्बम तिच्याबरोबर करा. अंबाड्याच्या पिना डबीत भरून डबी कपाटात वर ठेवली.

मी समोर जाऊन बसले. तिच्या तोंडासमोर, नीट. "आई, मला माहीत नव्हतं."

"बरं होतं ते. तुझ्या लेखी मी अजून चांगली गात होते."

"यंत्र लावू कानाला. क्लातेनला डॉक्टर आहेत."

तिने टेबलाचा खण उघडला. यंत्र होतं! वर्षभर तिथेच पडून. "टीव्हीसाठी बरं आहे. गामेलानमध्ये लावलं की कोणी डबे पाडतंय असं वाजतं. माझा सूर मला कळतो गं, तो हाडातून येतो. पण रेबाबशिवाय मी कुठे जायचं? चाळीस वर्षं त्याच्या मागून चालले."

मग म्हणाली, "कांदे सोलायचेत," आणि उठली.

२८ ऑगस्ट, सोमवार

तीन दिवस एकच विचार. गट, फेडर, कुठला आवाज कुठे जातो. आमच्या धंद्यात आवाजाला एकच रस्ता कधी नसतो. एक प्रत सगळ्यांबरोबर मुख्य रस्त्याने जाते, आणि तीच दुसऱ्या वाटेने फक्त एका माणसाकडे पाठवता येते. गायकाच्या हेडफोनमध्ये हे मी हजार वेळा केलं आहे. फक्त कानातच पाठवायचं असं कुठे लिहिलंय?

पाट मंडपातून घरी आणला. त्याच्याखाली बाबांचा जुना स्पीकर उताणा ठेवला, चारी बाजूंना विटा लावल्या. रेबाबचा ट्रॅक एकटाच काढून त्याच्याकडे वळवला. वरची किंचाळी काढून टाकली, खालचा घुमारा वाढवला. हात ठेवून बघितला तर लाकडातून मांजर घुरघुरल्यासारखं येत होतं.

आईला म्हटलं, "इथे बसून सोल कांदे, तिथे मला जागा लागतेय."

बसली. मी रेबाब चालू केलं, हळू. ती सोलत होती. चार कांदे झाले. पाचव्याला सुरी थांबली. तळवा पाटावर पालथा ठेवला, मग दुसरा. डोळे मिटले. आणि जिथे शिरायचं तिथे, अगदी तिथेच, ती शिरली, कांद्याच्या सालींत बसून, भरल्या आवाजात.

ओळ संपल्यावर म्हणाली, "कामसिदीने ही जागा इतकी लांबवलीय? मला दिसलंच नव्हतं. लबाड म्हातारा."

डोळे पुसले तिने. कांद्यांमुळे, असं दोघी म्हणालो.

३१ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी गाँगला फुलं वाहिली. पाक सुगेंगना मी स्वतः सांगितलं की पाट परत येतोय आणि त्याच्याखाली एक स्पीकर असेल. ते म्हणाले, "हो का? बरं." एवढंच. पण फुलांची परडी त्यांनी दोन हातांनी माझ्याकडे दिली. आजवर ती नेहमी बू यांतींकडे जायची.

३ सप्टेंबर, रविवार

पाचही रचना एकेका बैठकीत झाल्या. देलांगूची मुलगी ऐकायला आली होती, बू यांतींच्या मागे बसून तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

आईने अंबाडा घातला होता. नजर खाली, दोन्ही तळवे गुडघ्यांशेजारी लाकडावर. ती एकदाही गजाकडे वळून बघत नव्हती. काकांची टाच मला तरी पूर्ण वेळ गप्प दिसली. एका जागी ती आवर्तनाच्या काठावर इतकी रेंगाळली की मी श्वास धरला, आणि मग अशी आली, जणू उशीर तिचा नव्हता, आम्हीच लवकर पोचलो होतो. पाक सुगेंगसारखा माणूस ढोलावरून हसला.

५ सप्टेंबर, मंगळवार

जुने गट मोडले. नवे पाडले, कोण कोणाचं ऐकतं त्यावरून. पट्ट्या ढोलाबरोबर. गाँग एकटी, तिच्यावर काही लावलेलं नाही. आई आणि रेबाब एका गटात, एका फेडरवर. तो वर नेला की दोघं वर, खाली आणला की दोघं खाली. पाटाखालचा घुमारा आईच्या माइकमध्ये थोडा आला आहे. तसाच ठेवला.

शेवटची रचना संपते, आईची ओळ संपते, गाँग अजून वाजते आहे, आणि तिच्या आत कुठेतरी एक धप आहे. एकच. आता कोणाला जागा दाखवायची नव्हती. मग काकांनी तो का मारला, मला माहीत नाही. त्या दोघांबद्दलच्या माझ्या जुन्या प्रश्नाचंही उत्तर मला मिळालेलं नाही आणि मी आता विचारणार नाही.

सकाळी पाट पुन्हा घरी आणला आणि त्यावर बसवून आईला सगळं ऐकवलं. शेवटच्या धपला तिने मान वर केली.

"हा जोरात होता का?"

"नाही. गाँगच्या आत होता. बाहेर कोणाला कळणारही नाही."

"मग पुसणार आहेस?"

"नाही."

तिने पाटावरून हात फिरवला, धूळ झटकावी तसा. "परत लाव," म्हणाली. "शेवटचं तेवढंच."